हार्ड डिस्क टक-टक करायलीय: गंगाखेडच्या गुरुजींना उत्तर

गंगाखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींनी विचारलं आहे: "लॅपटॉप सहा वर्षांचा, हार्ड डिस्क एक टीबीची. रोज मोटारसायकलवर बॅगेत घालून १४ किलोमीटर नेतो-आणतो. बॅटरी दोन वर्षांपासून गेलेली, चार्जरवरच चालतो. मागच्या आठवड्यात काम चालू असताना दोनदा लाईट गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप फारच हळू चालला, आणि आता चालू केला की आतून टक-टक-टक आवाज यायलाय. आठ-दहा वेळा होतो, मग शांत. बूट डिव्हाइस सापडत नाही असं स्क्रीनवर येतं. पंधरा-वीस वेळा चालू करून पाहिलं. तालुक्यातला एक जण म्हणाला विंडोज मारून देतो, दुसरा म्हणाला बोर्ड बदलू. व्हिडिओत फ्रीजरमध्ये ठेवायला सांगायलेत. आत शाळेचे कागद आहेत, लेकीचे लहानपणीचे फोटो आहेत, आणि वारलेल्या वडिलांचं दोन तासांचं बोलणं आहे, रझाकारांच्या काळातल्या आठवणींचं. हा आवाज नेमका कशाचा, आणि आता काय करू?"

गुरुजी, आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. चार्जर काढा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करू नका. "एकदा शेवटचं बघतो" म्हणूनही नको. परभणीत एकोणीस वर्षं हेच काम करतो आहे, आणि माझ्याकडे आलेल्या ज्या डिस्कमधून काहीच निघालं नाही त्यातल्या बऱ्याच डिस्क पहिल्या दिवशी वाचण्यासारख्या होत्या. बिघाडाने जेवढं नेलं त्याहून जास्त नंतरच्या पंधरा-वीस प्रयत्नांनी नेलं.

आता आवाज कशाचा ते सांगतो. हे कळलं की फ्रीजर, बोर्ड, विंडोज या तिन्हींचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात, साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या. त्यांना प्लॅटर म्हणतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा काचेच्या असतात आणि वर चुंबकीय थर असतो. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. चकतीच्या कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. या फिरत्या चकतीवर एक बारीक दांडी पुढे-मागे झुलते आणि तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं. हेड चकतीला टेकत नाही. चकती फिरल्याने हवेची जी गादी तयार होते तिच्यावर ते तरंगतं, आणि मधलं अंतर असतं काही नॅनोमीटरचं. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. त्यावरून अंदाज घ्या.

चकतीवर माहितीच्या गोल रेघा असतात, ट्रॅक. एका मिलिमीटरच्या रुंदीत असे हजारो ट्रॅक मावतात. आपण कुठल्या रेघेवर आहोत हे हेडला कसं कळतं? कारखान्यातच चकतीवर खुणा लिहिलेल्या असतात, सर्व्हो खुणा. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात ना, तशा. हेड सतत त्या वाचतं आणि दांडी त्याप्रमाणे सावरली जाते.

डिस्क चालू होताना काय काय घडतं ते क्रमाने बघा. मोटर चकत्या पूर्ण वेगाने फिरवते. चकतीच्या बाहेर प्लॅस्टिकचा एक छोटा उतार असतो, रॅम्प, हेडची विश्रांतीची जागा. तिथून दांडी चकतीवर येते आणि हेड सर्व्हो खुणा शोधतं. मग डिस्क चकतीवरच्या राखीव भागातून स्वतःचा प्रोग्राम आणि स्वतःची मापं वाचते. एवढं झाल्यावर लॅपटॉपला सांगते, मी तयार आहे, माझं नाव अमुक, क्षमता अमुक.

तुमच्या डिस्कचं गाडं मधल्या टप्प्यावर अडलं आहे. हेडला खुणा वाचता येत नाहीत. खुणा दिसल्या नाहीत की दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, शेवटच्या अडथळ्यावर आदळते, मागे फिरते, पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक फेरीचा एक टक. आठ-दहा वेळा जमलं नाही की डिस्क हार मानते आणि मोटर थांबवते. तुम्ही सांगितलेली शांतता ती हीच. डिस्कला स्वतःचं नाव सुद्धा वाचता आलेलं नाही, म्हणून लॅपटॉपला ती दिसत नाही.

कारणं तीन-चार असू शकतात. हेड बाद झालं असेल, हेडजवळची सिग्नल मोठा करणारी बारीक चिप गेली असेल, चकतीला ओरखडा पडला असेल, किंवा राखीव भागातला प्रोग्राम बिघडला असेल. पहिल्या तिन्हींत डिस्क उघडल्याशिवाय इलाज नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेडचा संशय जास्त आहे. आदल्या दिवशी लॅपटॉप हळू झाला होता, म्हणजे एखादं हेड दमत आलं होतं आणि डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसली होती.

आता पंधरा-वीस वेळा चालू करण्याबद्दल. हेडचं टोक वाकलं किंवा तुटलं असेल तर दर वेळी ते चकतीवर येऊन थर खरवडतं. खरवडलेली भुकटी आत उडते आणि दुसऱ्या चांगल्या हेडखाली जाते. ज्या जागेचा थर गेला तिथली माहिती कुठल्याही लॅबला परत आणता येत नाही, कारण ती जागाच उरत नाही. तुमच्या डिस्कमधून खरखर, घासल्यासारखा आवाज आला नसेल तर ही वेळ अजून आलेली नाही असं मानायला जागा आहे. म्हणून म्हणतो, इथेच थांबा.

दर वेळी टक म्हणजे हेच, असं मात्र नाही. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यात दोन-तीनदा येतो, म्हणून बाकीचे आवाजही सांगतो. कुणाच्या तरी कामी येतील.

लॅपटॉप चांगला चाललाय आणि मधूनच एखादा हलका टिक येतो, विशेषतः काही न करता बसलं की. हा हेड रॅम्पवर जाऊन बसल्याचा आवाज आहे. वीज वाचावी आणि धक्का लागला तर चकती वाचावी म्हणून लॅपटॉपच्या डिस्क मुद्दाम तसं करतात. बंद करताना येणारा एक टकही हाच. घाबरायचं कारण नाही, पण त्याची मोजदाद ठेवावी. बऱ्याच डिस्कना अशा चढ-उताराची मर्यादा सहा लाखांची दिलेली असते. तासाला ३० वेळा, दिवसाला आठ तास धरले तर सहा लाख व्हायला जवळपास सात वर्षं लागतात. काही लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्याची सेटिंग इतकी कडक असते की मिनिटाला तीनदा हेड उतरतं. मग तोच आकडा चौदा महिन्यांत गाठला जातो.

मोठी फाइल कॉपी करून झाल्यावरही डिस्क कितीतरी वेळ आतल्या आत कुरकुरत राहते, अशी तक्रार येते. अलीकडच्या बऱ्याच एक-दोन टीबीच्या लॅपटॉप डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. आधी घाईने एका बाजूला लिहून घेतलेलं डिस्क मागाहून नीट जागी लावते, त्याचा तो आवाज. त्याला काम करू द्यावं.

डिस्क फिरतच नाही आणि बारीक टूं-टूं किंवा बीप येतो, तो आवाज मोटरचा. मोटर जोर लावते पण चकत्या हलत नाहीत. एकतर हेड रॅम्पवर न जाता चकतीवरच चिकटून बसलं आहे, नाहीतर मोटरचं बेअरिंग जाम झालं आहे. पडलेल्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार जास्त. यात माहिती बहुतेक वेळा शाबूत असते, फक्त कुणी जोर लावून चकती फिरवायला जाऊ नये.

खरखर, किसणीवर किसल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी वीज तोडायची. नीट शटडाउन करत बसायचं नाही. आणि बंद डिस्क हलक्या हाताने कलती केली की आत काचेचा चुरा वाजत असेल, तर काचेची चकती फुटली आहे. तिथे खर्च करू नये.

एक प्रकार दिलासा देणारा आहे. बाहेरून यूएसबीने लावलेली डिस्क टक-टक करते तेव्हा मी आधी केबल बदलतो. या डिस्कला फिरायला सुरुवात करताना साधारण एक अँपिअर लागतो. जुना यूएसबी २ पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतो, यूएसबी ३ चा ०.९. त्यात केबल लांब, स्वस्तातली आणि सैल असली की डिस्क फिरायला लागते, वीज कमी पडते, हेड परत येतं, पुन्हा सुरुवात. आवाज हुबेहूब मरणाऱ्या डिस्कसारखा. सेलूची एक मुलगी प्रबंधाची डिस्क घेऊन रडत आली होती. आखूड केबल लावून मागच्या पोर्टला जोडली आणि सगळं उघडलं. तुमची डिस्क लॅपटॉपच्या आत आहे, तिला वीज थेट मिळते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शक्यता कमीच. लॅबवाले कनेक्टर सैल आहे का ते आधी बघतातच.

आणि कधी कधी आवाज डिस्कचा नसतोच. मानवतच्या एका जिनिंगमधला लॅपटॉप "हार्ड डिस्क टक करतेय" म्हणून आला. टक यायचा तो स्पीकरमधून. वीज वाचवायला आवाजाची चिप झोपते आणि उठते, तेव्हा स्पीकरमध्ये असा टक येतो. पंख्यात कापसाचे तंतू अडकूनही ठराविक लयीत टक-टक येते. ओळखायला सोपं आहे: गाणं लावून आवाज चालू ठेवला की स्पीकरचा टक थांबतो, आणि पंख्याचा टक गरम झाल्यावर जलद होतो. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क आहे त्यांनी डिस्कवर संशयच घेऊ नये. तिच्यात हलणारं काहीच नसतं. एसएसडी जाते तेव्हा आवाज न करता जाते, आणि मला ते जास्त भीतीचं वाटतं.

तुमच्या डिस्कला हे झालं कशाने? खात्रीने उघडल्यावरच सांगता येईल. पण तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मला सतत भेटतात, आणि त्यावर मी थोडं जास्त बोलणार आहे.

पहिली, मेलेली बॅटरी आणि जाणारी लाईट. आपल्याकडे बॅटरी गेली की नवी घ्यायला दोन-अडीच हजार कशाला म्हणून लोक वर्षानुवर्षं चार्जरवर लॅपटॉप चालवतात. बॅटरी असताना लाईट गेली तर डिस्कला कळतही नाही. बॅटरी नसताना लाईट गेली की चकत्या ५४०० च्या वेगात असतात, हेड मधोमध असतं आणि वीज शून्य. तेव्हा डिस्क एक विलक्षण गोष्ट करते. फिरत्या चकत्यांच्या जोरावर तिची मोटर क्षणभर जनरेटर होते, आणि त्या शिल्लक विजेवर दांडी झटक्याने रॅम्पवर ओढली जाते. नेहमीच्या हलक्या टिकपेक्षा हा टक कडक असतो. जीव वाचतो, पण हेडला आणि रॅम्पला हिसका बसतो. अधूनमधून व्हावं म्हणून ही सोय केलेली आहे, रोजची सवय म्हणून नाही. भारनियमनाच्या दिवसांत एखाद्या गावात दिवसातून चार वेळा लाईट गेली, तर वर्षात या डिस्कला किती हिसके बसत असतील? डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या नोंदींमध्ये याचा वेगळा आकडा असतो, सी० क्रमांकाखाली, पॉवर ऑफ रिट्रॅक्ट काउंट. आपल्या भागातल्या लॅपटॉपवर तो आकडा मी आवर्जून बघतो.

दुसरी, मोटारसायकल. बंद डिस्क दणकट असते. बंद अवस्थेत तिला हजार जीच्या (एक जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढा जोर) आसपासचा क्षणिक धक्का सोसेल असं कंपन्या लिहितात, आणि चालू अवस्थेत तेच साडेतीनशे-चारशेवर येतं. म्हणजे गंगाखेडचा रस्ता कितीही वाईट असला तरी नीट बंद केलेला लॅपटॉप बॅगेत सुरक्षित जातो. घात होतो तो वेगळ्या वेळी. शाळा सुटली, झाकण मिटलं, तसाच बॅगेत कोंबला, किक मारली. झाकण मिटल्यावर तो झोपलाच असं नाही. कधी अपडेट चालू असतं, कधी सेटिंगच तशी असते. चकत्या फिरत असताना पहिला खड्डा लागतो. शटडाउन केल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबावं, हात ठेवून थरथर थांबली का बघावं, मगच बॅगेत ठेवावं.

उन्हाचं लोक विचारतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४४ पर्यंत जातो आणि या डिस्क साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत चालायच्या केलेल्या असतात. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या, धुळीने पंखा बुजलेल्या लॅपटॉपमध्ये तेवढं सहज होतं. पण टक-टकचं खापर उन्हावर फोडायला मी तयार नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध समज होता तेवढा घट्ट निघाला नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो: डिस्कने स्वतःच्या तपासणीत पहिली वाचनचूक नोंदवली की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. इशारा मिळाला तर लगेच हला, आणि मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले.

विंडोज मारून देतो म्हणणाऱ्याच्या हातात ही डिस्क देऊ नका. ती दिसतच नाही तोवर तो काही करू शकणार नाही, पण एखाद्या वेळी नशिबाने दिसली तर त्याच क्षणी तुमच्या फाइलींवर नवी विंडोज लिहिली जाईल. विंडोजची बिघाड दुरुस्त करणारी चेकडिस्कही नको. ती फाइलींची यादी सरळ करण्याच्या नादात अशक्त डिस्कला तासन् तास राबवते. यातलं मी माझ्या हाताने शिकलो आहे. दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. जिंतूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची डिस्क आली, मधूनमधून टक करत होती पण फोल्डर दिसत होते. मी बॅड सेक्टर, म्हणजे चकतीवरच्या खराब जागा, दुरुस्त करणारा प्रोग्राम रात्रभर लावून घरी गेलो. सकाळी डिस्क घासत होती. अकरा लग्नांचे फोटो गेले. त्या माणसाने मला शब्दाने बोल लावला नाही, पण ती चूक माझी होती आणि तेव्हापासून टक करणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्राम मी चालवत नाही.

बोर्ड बदलण्याची कल्पना जुन्या काळातली आहे. पूर्वी त्याच मॉडेलचा हिरवा बोर्ड लावला की डिस्क उठायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या डिस्कच्या बोर्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या एका डिस्कच्या हेडची खास मापं लिहिलेली असतात. दुसऱ्याचा बोर्ड म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. आणि मुळात तुमच्या चकत्या फिरतात, दांडी हलते, म्हणजे बोर्ड बहुतेक ठीकच आहे.

फ्रीजरमागे एके काळी थोडं तथ्य होतं. जुन्या डिस्कचं जाम झालेलं बेअरिंग थंडीने आकसून कधी सुटायचं. आज तुमची डिस्क फ्रीजरमधून काढून परभणीच्या हवेत ठेवली की काही मिनिटांत आत दव धरेल. डिस्क पूर्ण बंद नसते, तिला हवेचं एक बारीक छिद्र असतं आणि आत गाळणी असते. धूळ अडते, दमट हवा अडत नाही. काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडसमोर पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. जुन्या टीव्हीला मारायचो तशी थाप मारणं, तांदळाच्या डब्यात ठेवणं, हेही त्यातलंच.

आणि झाकण उघडू नका. टेबलावर, ट्यूबलाइटखाली, पंखा बंद करूनसुद्धा नको. धुळीचा साधा कणही त्या अंतरापेक्षा हजारो पट मोठा असतो. हे काम गाळलेल्या हवेच्या टेबलावर, हेडची अवजारं असलेल्या माणसाने करायचं. मी स्वतः ते करत नाही. माझ्याकडे ती सोय नाही, आणि एकोणीस वर्षांच्या अनुभवाने ती उणीव भरून निघत नाही.

मग करायचं काय? ही डिस्क माहिती काढून देणाऱ्या लॅबमध्ये पाठवायची. तिथे तशाच मॉडेलची, शक्यतो त्याच काळात बनलेली दुसरी डिस्क शोधतात. तिला डोनर म्हणतात. तिची हेडं तुमच्या डिस्कमध्ये बसवतात आणि ती जगतील तेवढ्या वेळात सगळ्या चकत्यांची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उतरवतात. डिस्क पुन्हा वापरण्यासारखी होत नाही, माहिती बाहेर येते. खर्च काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत आणि पुढेही जातो. शाळेचे कागद कार्यालयातून पुन्हा मिळतील. खर्चाचा निर्णय फोटो आणि वडिलांचा आवाज समोर ठेवून घ्या, आणि लॅबला ते फोल्डर नावानिशी सांगा. नवी हेडं किती वेळ टिकतील याचा भरवसा नसतो, म्हणून काय आधी काढायचं हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

लॅबला तीन-चार गोष्टी सरळ विचारा. तपासणीचे पैसे किती? माहिती निघाली नाही तर किती? झाकण उघडण्याआधी मला फोन करणार का? उघडण्याची सोय तुमच्याकडे आहे की डिस्क पुढे दुसरीकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नावर अडखळणाऱ्याला डिस्क देऊ नये. फोनवरच "शंभर टक्के काढून देतो" म्हणणाऱ्यालाही नाही, कारण डिस्क न बघता हे कुणालाच सांगता येत नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा, तिच्यावाचून काढलेली माहिती उघडणार नाही.

लॅपटॉप अख्खा पाठवायची गरज नाही. डिस्क काढता येत नसेल तर माझ्याकडे या, दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे मी घेत नाही. स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून चारही बाजूंनी तीन-चार बोटं फोम असलेल्या खोक्यात ठेवू. कुरिअरपेक्षा कुणी पुण्या-मुंबईला जाणारं असेल तर त्याच्या मांडीवर जाऊ द्या. देवगिरीने रात्री बसलं की सकाळी मुंबई. प्रवासात बंद डिस्कला काही होत नाही, खोक्यात ती इकडेतिकडे आपटू नये एवढंच.

ज्यांची डिस्क मधूनच टक करते पण लॅपटॉप अजून चालू होतो, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तुमच्याकडे वेळ आहे, पण किती ते ठाऊक नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्ट नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ हे तीन आकडे एकदा बघा. चकतीवरच्या खराब झालेल्या आणि वाचता न येणाऱ्या जागांची ती मोजदाद असते. शून्य नसतील तर डिस्कवर विश्वास संपला. तो प्रोग्राम आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दाखवतो, ते दशमान करून घ्या, नाहीतर उगीच घाबराल किंवा उगीच निर्धास्त राहाल. सी७ (डिस्क आणि लॅपटॉपमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढलेला असेल तर आधी कनेक्टर नाहीतर केबल तपासा, ती चूक चकतीची नसते. मग लॅपटॉप बंद. विंडोज चालू ठेवून कॉपी करू नका, ती मागे शंभर कामं करत डिस्कला पळवते. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली चालू करा आणि ज्याची दुसरी प्रत नाही ते थोडकं आधी बाहेर काढा. त्यानंतर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर उतरवा. हा प्रोग्राम चांगली जागा आधी वाचून घेतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी मागे येतो. कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी सुरुवातीपासून करावं लागत नाही. टक वाढला की थांबा, आणि मग गुरुजींना सांगितलं तेच तुम्हालाही.

गुरुजी, लॅबला फोन करण्याआधी एका गोष्टीचा शोध घ्या. वडिलांचं बोलणं तुम्ही कशावर रेकॉर्ड केलं होतं? लॅपटॉपवर नसेल. बहुतेक एखाद्या फोनवर केलं असेल आणि जागा भरली म्हणून इकडे हलवलं असेल. तो फोन घरात कुठे पडला आहे का बघा. बहिणीला, भावाला, पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातला एखादा तुकडा पाठवला होता का ते विचारा, ज्यांनी फोन बदलले असतील त्यांनाही विचारा. फोन सापडला आणि त्यात मेमरी कार्ड असेल तर फोन चालू न करता आधी कार्ड बाहेर काढा. पुसलेली फाइल त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कार्डवरच असते, आणि ती काढायला लॅब लागत नाही. ते काम माझ्या टेबलावर होतं.